समुद्रातला वारा फुकट, मग वीज महाग का? ऑफशोअर पवनऊर्जेचं गणित

२०२५ चा ऑगस्ट महिना समुद्रातल्या पवनऊर्जेला चांगलाच महागात पडला. महिन्याच्या सुरुवातीला जर्मनीने उत्तर समुद्रातले दोन पट्टे लिलावात काढले, पण बोली लावायला एकही कंपनी आली नाही. त्यानंतर या क्षेत्रातली सर्वात नावाजलेली डॅनिश कंपनी ऑर्स्टेड हिने भागधारकांकडून ६० अब्ज डॅनिश क्रोनर उभे करायचं ठरवलं आणि तिचा शेअर कोसळला. २२ ऑगस्टला अमेरिकन सरकारने याच कंपनीचा 'रेव्होल्यूशन विंड' प्रकल्प थांबवण्याचा आदेश दिला. तेव्हा त्याचं जवळपास ८० टक्के काम झालेलं होतं. आणि त्याच महिन्यात आपल्याकडे सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अर्थात सेकीने गुजरातच्या समुद्रातली ५०० मेगावॅटची आणि तामिळनाडूच्या समुद्रातली ४ गिगावॅटची अशा दोन्ही निविदा रद्द केल्या. भारताच्या समुद्रात आजवर एकही व्यावसायिक पवनचक्की उभी राहिलेली नाही. पहिली उभी राहणार होती, तीही लांबली.

या चार बातम्या एकत्र वाचल्या की वाटतं, हा धंदाच बुडाला. पण त्याच काळात ब्रिटनच्या किनाऱ्यापासून दूर डॉगर बँक नावाच्या उथळ समुद्रपट्ट्यात ३.६ गिगावॅटचा प्रकल्प उभा राहत होता आणि चीन तर दरवर्षी समुद्रात नव्या चक्क्यांची भर घालतच होता. म्हणजे वारा तोच, यंत्रं साधारण तीच, तरी एका देशात काम चालू आणि दुसऱ्या देशात निविदा कोरी. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर वाऱ्यापेक्षा पैशाकडे जास्त बघावं लागतं.

समुद्रातच का जायचं?

पवनचक्क्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर त्यांच्या रांगा आपण पाहिलेल्या असतात. देवगडच्या कड्यावरची पवनचक्की तर पर्यटकांचं ठिकाण झाली आहे. १९८६ च्या सुमारास देशात जे पहिले पवन प्रकल्प उभे राहिले, त्यात गुजरातमधल्या ओख्याबरोबर आपल्या रत्नागिरी भागाचंही नाव होतं. तेव्हाच्या एका चक्कीची क्षमता होती ५५ किलोवॅट. आज समुद्रात बसवली जाणारी एक मोठी चक्की १५ मेगावॅटची असते, म्हणजे तशा २७० चक्क्यांइतकी.

हा आकार जमिनीवर परवडत नाही. व्हेस्टास कंपनीच्या १५ मेगावॅटच्या चक्कीचं एक पातं ११५.५ मीटर लांब असतं. आपला कुतुबमिनार साधारण ७३ मीटर उंच. त्याच्या दीडपट लांबीचं अखंड पातं घाटातून, गावच्या वळणावरून ट्रेलरवर न्यायचं कसं? समुद्रमार्गे मात्र ते बंदरातून थेट जहाजावर चढतं. अशी तीन पाती फिरतात तेव्हा ती जवळपास अकरा एकर क्षेत्रफळाचं वर्तुळ व्यापतात.

दुसरं कारण वाऱ्याचं. समुद्रावर ना डोंगर, ना झाडं, ना इमारती. त्यामुळे वारा जोरात आणि एकसारखा वाहतो. इथे एक साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा ८ मीटरच्या वाऱ्यात सव्वादोनपटीहून जास्त ऊर्जा असते. म्हणून वेगातला थोडासा फरकही कंपनीच्या ताळेबंदात मोठा दिसतो.

सरकारचेच आकडे घेऊ. भारतातल्या पहिल्या १ गिगावॅट समुद्री प्रकल्पांतून वर्षाला सुमारे ३.७२ अब्ज युनिट वीज मिळेल, असा सरकारचा अंदाज आहे. एवढी यंत्रं वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली असती तर ८.७६ अब्ज युनिट मिळाले असते. म्हणजे क्षमतेचा सुमारे ४२ टक्के वापर. सौर पॅनेलचा हा आकडा आपल्याकडे साधारण वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास फिरतो, कारण रात्री ऊन नसतं. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वारा कधी सर्वात जोराचा असतो? पावसाळ्यात. ढगांमुळे सौर वीज घटते, नेमकी तेव्हाच.

एवढे फायदे असताना अडतं कुठे?

खरी चक्की व्याजाची

औष्णिक वीज केंद्रात खर्च दोन ठिकाणी होतो, एकदा केंद्र बांधताना आणि नंतर रोज कोळसा घेताना. समुद्री पवन प्रकल्पात कोळसा नाही, गॅस नाही. देखभाल आहे, बोटी आहेत, पण खर्चाचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच होतो. समुद्रतळात ठोकायचे प्रचंड पोलादी खांब, ते ठोकणारी खास जहाजं, समुद्राखालची केबल, भरसमुद्रातलं सबस्टेशन. हे सगळं आधी, आणि कमाई त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं थोडी थोडी. एवढी रक्कम कोणाच्या तिजोरीत पडून नसते. ती कर्जाऊ घ्यावी लागते किंवा गुंतवणूकदारांकडून आणावी लागते, आणि त्यांनाही परतावा हवा असतो.

घराचं कर्ज काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. समजा १०० कोटी रुपये २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे आहेत. व्याजदर ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ६ कोटी ४० लाख होतो. ७ टक्क्यांना ८ कोटी ५८ लाख. १० टक्क्यांना ११ कोटींच्या वर. चक्की तीच, वारा तोच, वीज तेवढीच, पण चार टक्क्यांच्या जागी दहा टक्के आले की दर वर्षाचा बोजा सत्तर टक्क्यांहून जास्त वाढला. फुकटच्या वाऱ्यावर चालणाऱ्या विजेचा भाव असा बँकेच्या दारात ठरतो.

२०२१ नंतर नेमकं हेच घडलं. कोरोनानंतर मालवाहतूक महागली, युक्रेन युद्धाने पोलाद महागलं, आणि महागाई आवरायला मध्यवर्ती बँकांनी व्याजदर चढवले. बँक ऑफ इंग्लंडचा दर २०२१ च्या अखेरपर्यंत ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला. ज्या कंपन्यांनी स्वस्त पैशाच्या काळात स्वस्त विजेचा शब्द देऊन ठेवला होता, त्यांचा हिशोबच कोलमडला. जुलै २०२३ मध्ये स्वीडनच्या वॅटनफॉलने खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून ब्रिटनमधल्या नॉरफोक बोरियासचं काम थांबवलं. काही महिन्यांत ऑर्स्टेडने अमेरिकेतल्या न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडून दिले आणि २८.४ अब्ज डॅनिश क्रोनरचा फटका ताळेबंदात दाखवला.

हमीभावासारखा करार

ब्रिटनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बाकीचे देश त्यांच्याकडे बघून शिकले आहेत. चुकाही त्यांच्याच बघितल्या आहेत.

ब्रिटिश सरकार कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करत आलं आहे. त्यात विजेचा एक भाव ठरतो. बाजारात वीज त्यापेक्षा स्वस्त विकली गेली तर फरक कंपनीला मिळतो, महाग विकली गेली तर जादा पैसे कंपनीने परत करायचे. आपल्या कापसा-सोयाबीनच्या हमीभावासारखं म्हणा, फक्त भाव चढला की शेतकऱ्याने वरचे पैसे परत द्यायचे अशी जोड लावलेली. कंपनीची छप्परफाड कमाईची संधी जाते, पण बुडण्याची भीतीही जाते. आणि भीती गेली की बँक कमी व्याजाने पैसे देते.

या पद्धतीने भाव किती उतरले बघा. २०१५ च्या लिलावात समुद्री पवनऊर्जेला युनिटमागे साडेअकरा ते बारा पेन्स भाव मिळाला होता. २०१७ मध्ये तो ५.७५ पेन्सवर आला, २०१९ मध्ये चारच्या आसपास आणि २०२२ मध्ये सुमारे ३.७. (हे सगळे भाव २०१२ च्या किमतींच्या पायावर मोजलेले आहेत, प्रत्यक्ष देताना महागाई जोडली जाते.) सगळीकडे वाहवा झाली. २०२३ च्या लिलावात सरकारने कमाल भाव ४.४ पेन्स ठेवला. पोलाद आणि व्याज कुठल्या कुठे गेलं होतं, सरकार मात्र जुन्याच भावात अडकलं होतं. समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी कमाल भाव ७.३ पेन्स केला, तेव्हा कंपन्या परतल्या आणि नव्या प्रकल्पांचा भाव ५.९ पेन्सच्या आसपास ठरला. त्यातूनही गंमत अशी की त्याच लिलावात जिंकलेला २.४ गिगावॅटचा हॉर्नसी ४ हा प्रकल्प ऑर्स्टेडने मे २०२५ मध्ये परवडत नाही म्हणून थांबवला. तेव्हा लिलाव जिंकणं म्हणजे चक्की उभी राहणं नव्हे, हेही खरं.

जर्मनीने याच्या उलट वाट धरली. तिथे २०२३ मध्ये बीपी आणि टोटल एनर्जीज या तेल कंपन्यांनी ७ गिगावॅटच्या जागांसाठी सरकारलाच १२.६ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं. सरकारी तिजोरीला आनंद झाला असणार. पण विजेच्या भावाची हमी नाही आणि वर जागेसाठी एवढी रक्कम, हे गणित फार दिवस टिकणारं नव्हतं. दोनच वर्षांनी कोऱ्या लिलावाने ते दाखवून दिलं. १९९१ मध्ये विंडेबी इथे जगातला पहिला समुद्री पवन प्रकल्प उभारणाऱ्या डेन्मार्कवरही डिसेंबर २०२४ मध्ये हीच पाळी आली. ३ गिगावॅटला बोली शून्य. त्यानंतर डेन्मार्कने अनुदानाची तयारी दाखवली.

अमेरिकेचा धोका वेगळ्या जातीचा. २० जानेवारी २०२५ ला सत्तेवर येताच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी समुद्रातल्या नव्या पवन पट्ट्यांचं वाटप थांबवलं. रेव्होल्यूशन विंडला महिनाभराने न्यायालयातून दिलासा मिळाला, काम सुरू झालं. पण ८० टक्के बांधलेला प्रकल्प एका आदेशाने थांबू शकतो हे जगभरच्या बँकांनी पाहिलं, आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक कर्जात धरली जाणार.

चीनमध्ये सरकारी बँका, सरकारी वीज कंपन्या आणि देशातच बनणारी यंत्रं असा एकाच छताखालचा कारभार आहे. २०२४ च्या अखेरीला जगभरात समुद्री पवनऊर्जेची क्षमता सुमारे ८३ गिगावॅट होती. त्यातली जवळपास निम्मी एकट्या चीनची. दुसऱ्या क्रमांकावर ब्रिटन.

आखाताचा पैसा युरोपच्या समुद्रात

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी आखातात नोकरीला असतं. तिथल्या तेलाचा पैसा समुद्रातल्या वाऱ्यात कसा जातो, हे त्यांना माहीत असावं. अबुधाबीची सरकारी कंपनी मसदर ब्रिटनच्या लंडन ॲरे या ६३० मेगावॅटच्या प्रकल्पात भागीदार आहे. तो २०१३ मध्ये सुरू झाला. स्कॉटलंडजवळच्या जगातल्या पहिल्या तरंगत्या पवन प्रकल्पात, हायविंडमध्ये, तिचा २५ टक्के वाटा आहे. डॉगर बँक साउथ या प्रस्तावित प्रकल्पात ४९ टक्के हिस्सा तिने घेतला आणि जुलै २०२५ मध्ये स्पेनच्या इबरड्रोलाबरोबर १.४ गिगावॅटच्या ईस्ट अँग्लिया थ्रीमध्ये उतरली. या प्रकल्पाचा एकूण खर्च ५.२ अब्ज युरो सांगितला जातो.

ही गुंतवणूक कर्ज देऊन व्याज घेण्याची नाही, मालकीत वाटा घेऊन नफा-तोट्यात सामील होण्याची आहे. अशा धीराच्या भांडवलाची या क्षेत्राला फार गरज असते. पण मसदर भारतीय समुद्रात अजून का आली नाही? भाव आणि खरेदीदार पक्का असतो तिथेच असा पैसा जातो, हे त्याचं सरळ उत्तर.

आपल्या समुद्राचं काय?

भारताने समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आणलं. गुजरात आणि तामिळनाडू मिळून सुमारे ७० गिगावॅट क्षमता असल्याचा चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस खंभातच्या आखातात वारा मोजणारं लिडार यंत्र बसलं. २०१८ मध्ये इच्छुक कंपन्यांना बोलावलं, तेव्हा तीस-पस्तीस नावं आली, आणि २०३० पर्यंत ३० गिगावॅटचं लक्ष्यही जाहीर झालं. पण पुढे हललं काहीच नाही.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी दोन्ही राज्यांत प्रत्येकी ५०० मेगावॅट उभारण्यासाठी अनुदान, आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या तयारीसाठी. भागाकार करून बघितला तर मेगावॅटमागे सुमारे ६ कोटी ८५ लाखांचं नुसतं अनुदान. जमिनीवर एक मेगावॅटचा सौर प्रकल्प साधारणपणे याहून कमी पैशांत पूर्ण उभा राहतो. तरीही गुजरातची निविदा मुदती वाढवत वाढवत शेवटी रद्द झाली. तामिळनाडूच्या ४ गिगावॅटला तर हे अनुदानही नव्हतं. जागा घ्या, वीज तयार करा आणि गिऱ्हाईक तुम्हीच शोधा, असा मामला होता.

कंपन्या का कचरल्या, हे आता आपल्या लक्षात आलं असेल. खांब ठोकणारी जहाजं परदेशातून भाड्याने आणावी लागणार. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ज्या दीव-ऊना पट्ट्यावर धडकलं, तिथून पिपावावचा समुद्र फार लांब नाही, म्हणजे विमाही महाग. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक. सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना राज्यांच्या वीज कंपन्या दुप्पट भावाचा करार कशाला करतील? आधीच देशात लिलाव होऊनही खरेदी करार न झालेली ४० गिगावॅटहून अधिक हरित क्षमता पडून होती.

मग नादच सोडावा का? माझ्या मते नाही. पण ३० किंवा ३७ गिगावॅटचे आकडे जाहीर करत बसण्यापेक्षा एकच ५०० मेगावॅटचा प्रकल्प नीट उभा करणं जास्त मोलाचं आहे. गुजरातपेक्षा तामिळनाडूचा वारा जोरदार, तेव्हा सुरुवात तिथून झाली तरी चालेल. सौर वीज रात्री नसते. बॅटरी स्वस्त होत आहेत, त्या काही तास भागवतील, पण पावसाळ्यातले सलग ढगाळ आठवडे भागवणार नाहीत. तिथे समुद्री वाऱ्याची खरी किंमत कळेल. ती किंमत करारात धरायची की नाही, हा निर्णय सरकारचा आहे. समुद्री प्रकल्पांना डिसेंबर २०३२ पर्यंत आंतरराज्य पारेषण शुल्कात सूट आहे. मुदत वाढली नाही तर हा दिलासाही हातचा जाईल, कारण असा प्रकल्प उभा राहायलाच कित्येक वर्षं लागतात.

डोल जाळी आणि खलाशी

गुंतवणुकीच्या चर्चेत एक माणूस हमखास विसरला जातो. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी जाफराबादचा समुद्र बोंबलासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली मासेमारी डोल जाळ्यांची. हे जाळं एका जागी रोवून भरती-ओहोटीच्या प्रवाहावर सोडतात, त्यामुळे 'थोडं बाजूला जाऊन मासे धरा' असं त्या मच्छीमाराला सांगून चालत नाही. ब्रिटनमध्ये चक्क्यांच्या मधून मासेमारी करायला कायद्याने सहसा मनाई नाही, जर्मनी आणि बेल्जियममध्ये मात्र ती बंद आहे. आपल्याकडे कोणता नियम लागू होणार, हे निविदेआधी ठरलं पाहिजे. खांब ठोकल्यावर नुकसानभरपाईच्या रांगेत उभं करून नव्हे.

महाराष्ट्राचा समुद्र पहिल्या यादीत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं नाही. कोळी असोत वा रत्नागिरीकडचे दालदी मुस्लिम मच्छीमार, पुढची यादी निघाली तर हीच चर्चा हर्णै आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर होईल. मच्छीमार सोसायट्यांनी आपली मासेमारीची ठिकाणं आणि हंगाम आत्तापासून नोंदवून ठेवायला हरकत नाही. सर्वेक्षणवाले येतात तेव्हा कागदावर नसलेली जागा मोकळीच धरली जाते.

दुसरीकडे कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी आणि बोटीवरचे कामगार गेले आहेत. मुंबई हायच्या तेल फलाटांवर वेल्डर, रिगर, क्रेन ऑपरेटर म्हणून काम केलेले लोक आपल्या ओळखीत सापडतात. समुद्री पवन प्रकल्पाला नेमकी हीच माणसं लागतात. फक्त उंचावर काम करण्याचं आणि समुद्रात जीव वाचवण्याचं जीडब्ल्यूओ नावाचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. आयटीआय किंवा मरिन इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाने ते काढलं तर नोकरीसाठी गुजरातची निविदा पुन्हा निघायची वाट बघायची गरज नाही. काम आत्ता उत्तर समुद्रात आणि तैवानच्या किनाऱ्यावर चालू आहे.